शरदातील हिरवा चारा आणि वाराणसीची हरणे

हरणांसाठी मुद्दाम चारा पेरण्याची कल्पना नवी नाही. वाराणसीपुरते बोलायचे झाले, तर तिचा उल्लेख पाली जातककथांमध्ये सापडतो. ‘निग्रोधमिग जातक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कथेतील वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त मृगमांसाचा अतिशय शौकीन होता. तो रोज शिकारीला निघे आणि आपल्याबरोबर नगरजनांनाही कामधंदा सोडून यायला लावी. या जाचाला कंटाळून लोकांनी एक युक्ती योजली. त्यांनी राजाच्या उद्यानात गवत पेरले, पाण्याची सोय केली आणि रानातील हरणांचे कळप हाकून आणून उद्यानाचे दार बंद करून टाकले. आता राजाला घरबसल्या शिकार मिळू लागली आणि लोकांची सुटका झाली.

या कथेचा उत्तरार्ध अधिक परिचित आहे. गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरणाला सिद्ध झालेला न्यग्रोध नावाचा मृगराज, त्याच्या त्यागाने विरघळलेला राजा आणि सर्व प्राण्यांना मिळालेले अभय हा भाग अनेकांनी वाचलेला किंवा ऐकलेला असतो. सातव्या शतकात सारनाथला आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग यानेही मृगदावाच्या वर्णनात ही कथा सांगितली आहे. परंतु हरणांच्या आहाराचा अभ्यास करणाराच्या दृष्टीने कथेचा आरंभ अधिक महत्त्वाचा आहे. हरणांसाठी पेरलेले ते गवत म्हणजे दया नव्हती. ते आमिष होते. ज्याला हरणाची भूक कळली, त्याला हरणाला हवे तेथे आणता आले. ही भूक कोणत्या ऋतूत कशी बदलते आणि शरदातील हिरव्या चाऱ्याकडे हरणे इतकी का ओढली जातात, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

हरीण कोणाला म्हणावे?

व्यवहारात आपण चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा या सर्वांना हरीणच म्हणतो. प्राणिशास्त्र मात्र त्यांचे दोन गट करते. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे होत. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा नवी उगवतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय हे प्राणी गाय-शेळ्यांच्या कुळातले. त्यांची शिंगे पोकळ असून ती जन्मभर टिकतात. विदर्भात ज्याला रोही म्हणतात, तोच हा नीलगाय नावाचा प्राणी. पूर्व उत्तर प्रदेशातील शेतकरी त्याला घडरोज म्हणतात. त्याच्या नावात गाय असल्यामुळे तेथील ग्रामीण समाजात त्याला मारण्याविषयी पूर्वापार संकोच आहे.

वाराणसी शहराच्या उत्तरेस सारनाथ येथे चितळ आणि काळवीट पाहावयास मिळतात, पण ते कुंपणाच्या आतले. गंगेच्या मैदानातील दाट शेतीच्या मुलखात मोकळेपणाने वावरणारा मोठा तृणभक्षी प्राणी म्हणजे मुख्यतः नीलगाय. शहराच्या दक्षिण-पूर्वेस विंध्याचे पठार सुरू होते. तेथील चंद्रप्रभा अभयारण्य १९५७ साली स्थापन झाले. त्या वेळी हा भाग वाराणसी जिल्ह्यात होता. १९९७ पासून तो वेगळ्या झालेल्या चंदौली जिल्ह्यात मोडतो. गीरच्या सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून १९५७ मध्ये याच अरण्यात एक सिंह आणि दोन सिंहिणी सोडण्यात आल्या होत्या. त्यांची संख्या काही वर्षे वाढली आणि पुढे ते सर्व नाहीसे झाले. चितळ, सांबर, चिंकारा हे प्राणी मात्र त्या पठारावर टिकून राहिले.

रवंथ करणाऱ्या पोटाचे गणित

हे सर्व प्राणी रवंथ करणारे आहेत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला कप्पा सर्वांत मोठा असून तो म्हणजे जणू एक आंबवण्याचा रांजणच होय. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि गवतातील जो काष्ठमय भाग प्राण्याला स्वतः पचवता येत नाही, तो ते फोडून देतात. याचा अर्थ असा की हरीण जे खाते, ते प्रथम या सूक्ष्म जीवांना खाऊ घालते आणि मग त्यांच्या श्रमावर स्वतः जगते.

या सूक्ष्म जीवांना नत्राची, म्हणजेच प्रथिनांची गरज असते. वाळलेल्या चाऱ्याचे वजन धरून हिशेब केला, तर प्रथिनांचे प्रमाण शेकडा सहा-सातांच्या खाली गेले की त्यांचे काम मंदावते. चारा पोटात अधिक काळ पडून राहतो, पोट भरलेले असते, पण शरीराला पोषण मिळत नाही. भर गवतात उभे असलेले जनावर रोडावू शकते ते यामुळेच. हरणाला केवळ चारा मिळून भागत नाही. तो कोवळा असावा लागतो.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. सूक्ष्म जीवांची ही वस्ती त्या त्या आहाराला सरावलेली असते. आहार एकदम बदलला, तर ती विस्कटते आणि नव्या आहाराशी जुळवून घेण्यास तिला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून रानातील हरीण नवा पाला प्रथम चाखते, थोडा खाते, पुढे सरकते, दुसऱ्या झुडपाला तोंड लावते. हा चोखंदळपणा म्हणजे पोटाने शिकवलेली सावधगिरी होय.

ऋतूंप्रमाणे बदलणारे ताट

वाराणसीच्या परिसरात जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये सर्वत्र कोवळे गवत उगवते. हा तृणभक्षी प्राण्यांचा सुकाळ असतो. काळवीट तर मुख्यतः गवतावरच जगणारा प्राणी आहे आणि आखूड, कोवळे गवत त्याला विशेष प्रिय असते. चितळही या दिवसांत प्रामुख्याने गवत खातो.

सप्टेंबर संपता संपता पाऊस मागे हटतो. गंगेच्या काठावरचा काश पांढऱ्या तुऱ्यांनी फुलतो आणि शरद ऋतू आल्याची वर्दी मिळते. कवींना हे दृश्य रमणीय वाटते. परंतु हरणाच्या दृष्टीने ती टंचाईची पहिली खूण असते. तुरा येणे याचा अर्थ गवताचे आयुष्य पूर्ण होत आले. पानांतील सत्त्व बियांकडे आणि मुळांकडे जाते. देठ कडक होतात, काष्ठमय भाग वाढतो. ज्या गवतात श्रावणात भरपूर प्रथिने होती, त्याच गवतात ती वाळल्यानंतर शेकडा तीन-चारांवर येतात. गवत गुडघाभर उभे असते, पण त्याचा कस गेलेला असतो.

यानंतर आहार पालटतो. चितळ झुडपांच्या पाल्याकडे, गळलेल्या पानांकडे आणि फळांकडे वळतो. झाडावर चरणाऱ्या वानरांनी खाली टाकलेला पाला वेचण्यासाठी चितळांचे कळप त्यांच्या मागोमाग हिंडताना दिसतात. नीलगाय गवत आणि झाडपाला दोन्ही खाते. त्यामुळे तिला हा पालट सोपा जातो. काळविटाला तो तितका सोपा नसतो. तो उरलीसुरली हिरवळ शोधत फिरतो आणि पुढे बाभळीच्या जातीच्या झाडांच्या शेंगांवरही गुजराण करतो. उत्तर भारतात खरा कठीण काळ असतो तो एप्रिल ते जूनचा. शरद ऋतू म्हणजे सुकाळाकडून त्या दुष्काळाकडे जाणारे वळण होय.

आणि नेमक्या याच वळणावर माणूस रब्बीची पेरणी करतो. रानातील हिरवे संपत असताना शेतातील हिरवे उगवू लागते. गहू, हरभरा, वाटाणा, मसूर, मोहरी यांचे कोवळे कोंब ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीतून वर येतात. त्यांच्याही आधी हिरवेगार होते ते बरसीमचे शेत.

बरसीम : नाईलकाठचा पाहुणा

बरसीम ही तीन-तीन पानांच्या दलाची, पांढरट फुलांची, कडधान्याच्या कुळातील चाऱ्याची वनस्पती आहे. तिचे मूळ पीक इजिप्तमधील. भारतीय उपखंडात ती १९०४ साली प्रथम सिंधमध्ये आणली गेली आणि पुढे पंजाब व गंगेच्या मैदानात पसरली. म्हणजे ब्रह्मदत्ताच्या उद्यानातील गवत कोणतेही असो, ते बरसीम नव्हते. आज मात्र दूधदुभत्यासाठी म्हशी पाळणाऱ्या उत्तर प्रदेशातील शेतकऱ्याला हिवाळ्यात बरसीमवाचून चालत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तिची पेरणी होते. वाफ्यात पाणी भरून त्यावर बी फेकण्याची पद्धत रूढ आहे. ज्या जमिनीत बरसीम पूर्वी कधी घेतलेली नसते, तेथे जुन्या बरसीमच्या शेतातील थोडी माती आणून बियाण्यात मिसळतात. मुळांवर गाठी करून हवेतील नत्र बांधून ठेवणारे जीवाणू त्या मातीबरोबर नव्या शेतात येतात. पेरणीनंतर पन्नास-साठ दिवसांनी पहिली कापणी होते. पुढे साधारण महिन्याच्या अंतराने एप्रिलपर्यंत चार-पाच कापण्या मिळतात.

नत्र बांधण्याची ही क्षमता असल्यामुळेच बरसीमच्या पाल्यात, वाळलेल्या वजनाच्या मानाने, प्रथिने शेकडा सतरा ते वीस असतात. शेजारच्या बांधावरचे वाळके गवत आणि हे शेत यांतील अंतर प्राण्याच्या नाकाला आणि जिभेला तत्काळ कळते. शिवाय या दिवसांत चितळांच्या अनेक माद्या गाभण असतात, कारण उत्तर व मध्य भारतात त्यांची पुष्कळशी पाडसे हिवाळ्यात आणि त्यानंतर जन्मतात. पोटात वाढणाऱ्या पाडसासाठी लागणारी प्रथिने वाळक्या गवतातून मिळत नाहीत. जातककथेतील हरिणी गाभण होती. ती काय खात असेल हा प्रश्न कथाकाराला पडला नाही, परंतु हरिणीला तो रोज पडत असतो.

दूरदेशीचे उदाहरण

ही ओढ केवळ आपल्याकडच्या प्राण्यांत नाही. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण विपुल आहे. तेथील शिकारी आणि जमीनमालक रानाच्या कडेला बरसीमच्याच जातीच्या, पण बहुवर्षायू अशा पांढऱ्या क्लोव्हरची लहान लहान शेते करतात. ती पिके घरी नेण्यासाठी नसतात. हरणांनी चरावे आणि शिकारीच्या हंगामात दृष्टिपथात यावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. ब्रह्मदत्ताच्या नगरजनांची युक्ती तेथे अशा रीतीने स्वतंत्रपणे पुन्हा अवतरली आहे.

तथापि शरदातील वर्तनात एक मोठा फरक आढळतो. ओकची फळे गळू लागली की तेथील हरणे हिरवेगार क्लोव्हर सोडून रानात शिरतात. पुढे बर्फाचा काळ येणार असतो आणि त्यासाठी अंगावर चरबी साठवणे आवश्यक असते. ती प्रथिनांपेक्षा पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या फळांमधून लवकर मिळते. नोव्हेंबरच्या सुमारास माजावर आलेले नर तर खाणेच पुष्कळसे सोडतात आणि वजनाचा पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भाग गमावतात. हिवाळ्याच्या शेवटी, फळे संपल्यावर, ती पुन्हा क्लोव्हरकडे येतात. गंगेच्या मैदानात बर्फ पडत नाही आणि कठीण काळ उन्हाळ्यात येतो; त्यामुळे शरदातील हिरवळ सोडून जाण्याचे असे कारण येथे नाही. उलट हिवाळाभर हिरवे राहणारे शेत प्राण्याला धरून ठेवते. एका देशातील अनुभव दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू का करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नुकसान केव्हा आणि किती

शेतकऱ्याची बाजूही येथे पाहिली पाहिजे. नीलगायीचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंहून अधिक वजनाचा असू शकतो. असे आठ-दहा प्राणी रात्रीतून ओल्या वाफ्यात शिरले, तर खाण्यापेक्षा तुडवण्यानेच अधिक हानी होते. हिवाळ्याच्या रात्री मचाणावर, शेकोटीजवळ जागून काढणे हे अनेक कुटुंबांच्या वाट्याला येते. वाराणसीच्या पूर्वेस असलेल्या बिहारमधील काही जिल्ह्यांत तर २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र शासनाने नीलगायीला एका वर्षापुरते उपद्रवी प्राणी ठरवले होते. महाराष्ट्रातील वाचकालाही हा प्रश्न अपरिचित नाही. विदर्भातील रोही आणि सोलापूर-नगरकडील माळरानांवरचे काळवीट रब्बीच्या पिकांत शिरतात, ही नित्याची तक्रार आहे.

परंतु प्रत्येक वेळचे चरणे सारखे हानिकारक नसते. बरसीमचे रोप पहिल्या तीन-चार आठवड्यांत खाल्ले किंवा तुडवले गेले, तर ते मरते. पहिल्या कापणीनंतर मात्र बुडख्याजवळच्या डोळ्यांतून ते पुन्हा फुटते. तेव्हा वरवरचे चरणे हे एका कापणीसारखेच असते. हरभऱ्याचे शेंडे शेतकरी स्वतःच खुडतात, कारण त्यामुळे फुटवे वाढतात. तेच रोप फुलोऱ्यात असताना बुडापर्यंत ओरबाडले गेले, तर हंगाम हातचा जातो. म्हणजे राखण कोणत्या आठवड्यांत सर्वाधिक आवश्यक आहे, हे पिकाच्या वाढीवरून ठरवता येते. सर्व हिवाळाभर सारखेच जागण्याची शक्ती कोणाजवळच नसते.

कोणता प्राणी चरून गेला, हेही ओळखता येते. हरीण आणि नीलगाय यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे त्यांनी तोडलेला देठ फाटलेला, तंतू निघालेला दिसतो. सशाने कुरतडलेला देठ चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ असतो. नीलगाय आणि काळवीट पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात, त्यामुळे तेथे ढीग साचतात. चितळाच्या लेंड्या विखुरलेल्या आढळतात. शेतात हातभर रुंदीचा तारेच्या जाळीचा एक पिंजरा उपडा घालून ठेवला आणि महिन्याने आतील व बाहेरील पिकाची तुलना केली, तर किती पीक खाल्ले गेले याचा विश्वसनीय अंदाज मिळतो. ही साधी रीत शाळेतील विद्यार्थ्यांनाही करून पाहता येण्याजोगी आहे.

कुंपणाआडची हरणे

सारनाथच्या नावाची व्युत्पत्ती सारंगनाथ, म्हणजे हरणांचा स्वामी, अशी मानली जाते. तेथील मृगोद्यानातील प्राण्यांना ऋतूप्रमाणे स्थलांतर करता येत नाही. त्यांचे ताट माणसाच्या हाती असते. अशा बंदिस्त प्राण्यांना कोवळी बरसीम एकदम पोटभर देणे धोक्याचे असते. ओल्या बरसीममध्ये नऊ-दशांशाच्या आसपास पाणीच असते. तिच्या आंबण्याने पोटात फेस होतो, वायू बाहेर पडत नाही आणि पोट फुगून जनावर दगावण्याचाही संभव असतो. गायी-म्हशींबाबत गवळ्यांना हे चांगले ठाऊक आहे. म्हणून ते बरसीम गव्हाच्या भुसात मिसळून, थोडी थोडी वाढवत देतात. हरणांनाही हाच नियम लागू आहे. रानातील हरीण अनेक वनस्पती मिसळून खाते आणि स्वतःचे रक्षण करते. कुंपणाआड ते मिश्रण माणसाने करावे लागते. जाळीतून प्रेमाने पुढे केलेला खाऊदेखील याच कारणाने अपायकारक ठरू शकतो.

पानांची खूण

रानाच्या कडेला हरणांसाठी वेगळा चारा पेरला, तर शेते वाचतील असे पुष्कळदा सुचवले जाते. ही सूचना विचारार्ह आहे, पण ती परिपूर्ण नाही. मुबलक चाऱ्याने प्राण्यांची संख्या वाढते आणि असा पट्टा शेताला लागून असेल, तर तो प्राण्यांना शेताची वाटच दाखवतो. तो शेतांपासून दूर, पाण्याजवळ आणि आडोशाला हवा. शिवाय रानातील मूळ गवताळ जागा राखल्या, त्यांतील जुने गवत वेळेवर कापून नवे फुटू दिले, तर बाहेरून काही पेरण्याची गरजही कमी होते.

निग्रोधमिग जातकाचा शेवट या संदर्भात लक्षणीय आहे. अभय मिळालेली हरणे निर्धास्त होऊन लोकांची पिके खाऊ लागली. लोक राजाकडे गेले, पण राजा दिलेला शब्द मोडावयास तयार झाला नाही. तेव्हा न्यग्रोध मृगाने आपल्या कळपाला परक्या पिकाला तोंड लावू नये अशी आज्ञा केली आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला की कुंपण घालू नका, शेताभोवती केवळ पानांची खूण बांधा. त्यानंतर खूण बांधलेल्या शेतात एकही हरीण शिरले नाही, असे कथा सांगते.

खरी हरणे अशी खूण वाचू शकत नाहीत. ती फक्त गवताचा कस आणि ऋतूची पावले ओळखतात. म्हणून कथेतील मृगराजाचे काम आता माणसाकडे आले आहे. काश कधी फुलतो, गवत कधी कडक होते, बरसीमचे कोंब किती दिवस जपावे लागतात आणि रानात या दिवसांत प्राण्यांसाठी काय उरते, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच शेत आणि रान यांमधील सीमा कोठे आखावी हे ठरवता येईल. हरणांसाठी पेरलेला चारा हा आमिषही होऊ शकतो आणि आधारही. पेरणाऱ्याने त्यांच्या भुकेचा अभ्यास कशासाठी केला आहे, यावर ते अवलंबून राहते.